भागाकाराचा दहावा अवकलज, भागाकार न करता

‘महागाई वाढण्याचा वेग मंदावला’ ही बातमी वाचून दोन माणसं दोन अर्थ काढतात. एकाला वाटतं, स्वस्ताई आली. दुसरा म्हणतो, वाढ चालूच आहे, फक्त दमाने. दुसरा बरोबर आहे. पण या एका वाक्यात गणिताचे नेमके किती जिने चढले आहेत, हे त्यालाही विचारलं तर तो अडखळेल.

१९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं, की महागाई वाढण्याचा दर कमी होतोय. पुढे १९९६ मध्ये ह्यूगो रॉसी या गणितज्ञाने अमेरिकन गणित संस्थेच्या नियतकालिकात मिश्किलपणे नोंदवलं, की पदावरच्या राष्ट्राध्यक्षाने पुन्हा निवडून येण्यासाठी तिसरा अवकलज वापरण्याची ही पहिलीच वेळ. किमती बदलल्या, तो पहिला. तो बदलच वाढत होता, तो दुसरा. आणि ती वाढ कमी व्हायला लागली, तो तिसरा.

या विनोदात एक गोष्ट मात्र झाकली जाते. महागाईचा दर म्हणजे नुसता किमतींचा बदल नव्हे. तो भागाकार आहे: किमतीतली वाढ भागिले मूळ किंमत. म्हणून तर तो टक्क्यात सांगतात. म्हणजे निक्सन यांचं वाक्य तपासायचं, तर एका भागाकाराचा दुसरा अवकलज काढावा लागतो. आणि इथेच बारावीला गणित घेतलेली भली भली मंडळी वही मिटतात.

## आधी शब्द

अवकलज म्हणजे एखादी राशी या क्षणी किती वेगाने बदलते आहे, त्याचं माप. वर्गात सगळे ‘डेरिव्हेटिव्ह’च म्हणतात, मी इथे अवकलज म्हणेन. गाडीने कापलेल्या अंतराचा अवकलज म्हणजे तिचा वेग. वेगाचा अवकलज म्हणजे त्वरण, ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाठ सीटला टेकते ते. अवकलजाचा अवकलज हा दुसरा, त्याचा पुन्हा काढला की तिसरा. दुसऱ्यापासून पुढच्या सगळ्यांना मिळून उच्च क्रमाचे अवकलज म्हणतात.

खुणा मी अशा वापरतो: अंशाला ‘अ’, छेदाला ‘छ’, आणि त्यांच्या भागाकाराला ‘भ’. म्हणजे भ = अ ÷ छ. ही तिन्ही अक्षरं ‘क्ष’ बदलला की बदलतात. भ१ म्हणजे भ चा पहिला अवकलज, भ२ म्हणजे दुसरा, आणि असंच पुढे. बस, एवढ्यावर सगळं भागतं.

## शाळेतला नियम कुठे फसतो

पहिल्या अवकलजाचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो:

भ१ = (अ१ × छ − अ × छ१) ÷ (छ × छ)

यात चुकीचं काही नाही. दुसरा अवकलज हवा असेल, तर हाच नियम पुन्हा लावायचा, असं आपल्याला वाटतं. लावून बघा. आता अंशात दोन पदांची वजाबाकी आहे, छेदात छ चा वर्ग आहे. त्या वर्गाचा पुन्हा वर्ग होतो, म्हणजे छेदात छ चा चौथा घात. तिसऱ्या वेळी आठवा, चौथ्या वेळी सोळावा. दरवेळी दुप्पट. काटछाट न करता दहाव्या अवकलजापर्यंत गेलात, तर छेदात छ चा १०२४ वा घात बसलेला असतो. खरी गरज किती असते? अकराव्या घाताची. उरलेले १०१३ आपणच आत कोंबलेले असतात आणि मग आपणच काटत बसतो.

मी एका परीक्षेत हा उद्योग केलेला आहे. चौथा अवकलज विचारला होता. दोन पानं भरली, तिसऱ्या पानावर एक वजाचं चिन्ह अधिक झालं, आणि पुढचं सगळं मुसळ केरात. उत्तर चुकल्याचं दुःख नव्हतं इतकं. पुढे एका सरांनी तेच उत्तर फळ्यावर सहा ओळींत काढून दाखवलं, ते जास्त लागलं.

## युक्ती: छेद पलीकडे न्या

त्या सहा ओळींचं गुपित एवढंच, की भागाकाराला हातच लावायचा नाही. भ = अ ÷ छ असं लिहिण्याऐवजी

अ = भ × छ

असं लिहा. मजकूर तोच, पण आता समोर गुणाकार आहे, आणि गुणाकार अवकलनाला, म्हणजे अवकलज काढण्याला, फार सोशिक असतो. त्याच्यात छेद नाही, वर्ग नाही, फुगणं नाही. भ आपल्याला माहीत नाही, हे खरं. म्हणून काय झालं? समीकरणात अज्ञात राशी ठेवून पुढे जायचं, हे आपण सातवी-आठवीपासून करत आलो आहोत.

एकदा अवकलन करू, आधी भ चं, मग छ चं, आणि दोन्हींची बेरीज: अ१ = भ१ × छ + भ × छ१. यातून भ१ सोडवला, की भ१ = (अ१ − भ × छ१) ÷ छ. भ च्या जागी अ ÷ छ घातलं, तर शाळेतला नियम जसाच्या तसा परत मिळतो. पण घालूच नका. भ ची किंमत हाताशी आहे ना, मग तिला भ च राहू द्या. सगळी बचत या न घालण्यात आहे.

दुसऱ्यांदा: अ२ = भ२ × छ + २ × भ१ × छ१ + भ × छ२. म्हणजे

भ२ = (अ२ − २ × भ१ × छ१ − भ × छ२) ÷ छ

छेदात एकटा छ. भ आणि भ१ मागच्या पायऱ्यांत काढून झालेले आहेत. नुसते उचलून ठेवायचे.

गुणाकाराचा अवकलज म्हणजे अवकलजांचा गुणाकार नव्हे, ही गोष्ट ज्याला पटकन पचत नाही, त्याने कमीपणा वाटून घेऊ नये. ११ नोव्हेंबर १६७५ च्या टिपणात खुद्द लायब्निझ, म्हणजे अवकलनाचं हे शास्त्र उभारणाऱ्यांपैकी एक, स्वतःला विचारतो, की गुणाकाराचं अवकलन हे अवकलनांच्या गुणाकाराएवढंच असेल का, आणि भागाकाराचंही तसंच असेल का? एक उदाहरण घेऊन तो त्याच दिवशी ‘नाही’ या उत्तरावर येतो. भागाकाराचा बरोबर नियम त्याने १६८४ च्या निबंधात छापला.

## ते २ आणि ३ कुठून येतात

तिसऱ्या पायरीचं समीकरण असं:

छ × भ३ = अ३ − ३ × भ२ × छ१ − ३ × भ१ × छ२ − भ × छ३

यातले ३ आणि ३ पाठ करायची गरज नाही. घरात दोन भावंडं आहेत आणि तीन कामं आहेत असं समजा. प्रत्येक काम दोघांपैकी कुणीतरी एकट्याने करायचं. थोरल्याने दोन आणि धाकट्याने एक, अशी वाटणी किती तऱ्हांनी होईल? धाकट्याच्या वाट्याला कोणतं काम, एवढंच ठरवायचं, म्हणजे तीन तऱ्हा. अवकलनाचंही तसंच. प्रत्येक अवकलन भ वर तरी पडतं किंवा छ वर तरी. तीनदा अवकलन करताना दोनदा भ वर आणि एकदा छ वर पडण्याच्या तऱ्हा तीन.

म्हणून हे आकडे म्हणजे १, २, १; मग १, ३, ३, १; मग १, ४, ६, ४, १ अशा ओळी. आपल्याकडे हा त्रिकोण मेरुप्रस्तार म्हणून ओळखला जातो. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या टीकेत लघु-गुरू अक्षरांच्या रचना मोजण्यासाठी तो समजावला आहे. वर्गात याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. कवितेच्या मात्रा मोजणारा त्रिकोण अवकलनात उपटतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. लायब्निझलाही वाटलं असावं. घात आणि अवकलन यांच्यातल्या या साम्यावर त्याने १७१० मध्ये एक स्वतंत्र लेखच छापला.

## हाताने एक करून बघू

टॅन घ्या. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस, म्हणजे अ = साइन, छ = कॉस. क्ष = ० या ठिकाणी टॅनचा सातवा अवकलज हवा आहे.

शून्यापाशी साइन आणि त्याच्या अवकलजांच्या किमती ओळीने ०, १, ०, −१ आणि पुन्हा तेच चक्र. कॉसच्या १, ०, −१, ०. छ ची किंमत १, म्हणजे भागण्याचा प्रश्नच मिटला. टॅनचे समक्रमांकाचे अवकलज शून्यापाशी शून्य होतात. तेही याच समीकरणातून निघतं, त्यामुळे फक्त विषम क्रमांक बघू.

पहिला: भ१ = १.

तिसरा: अ३ = −१. यातून ३ × भ१ × छ२, म्हणजे ३ × १ × (−१) = −३ वजा करायचे. भ३ = −१ + ३ = २.

पाचवा: मेरुप्रस्ताराची ओळ १, ५, १०, १०, ५, १. अ५ = १. वजा करायची पदं दोनच जिवंत: ५ × भ१ × छ४ = ५, आणि १० × भ३ × छ२ = −२०. बेरीज −१५. भ५ = १ + १५ = १६.

सातवा: ओळीतले कामाचे आकडे ७, ३५, २१. पदं −७, मग ३५ × २ = ७०, मग २१ × १६ × (−१) = −३३६. बेरीज −२७३. अ७ = −१. भ७ = २७२.

झालं. शाळेच्या नियमाने या २७२ पर्यंत पोचायचं, तर छेदात कॉसचा १२८ वा घात ओढत न्यावा लागला असता.

जाता जाता, हे १, २, १६, २७२ आकडे साधेसुधे नाहीत. १, २, ३ हे आकडे चढ-उतार-चढ-उतार अशा नागमोडी क्रमाने किती प्रकारे मांडता येतील? १३२ आणि २३१, म्हणजे दोन. पहिले पाच आकडे घेतले तर १६, सात घेतले तर २७२. १८७९ मध्ये देझिरे आंद्रे या फ्रेंच गणितज्ञाने हा संबंध दाखवला.

## छेद बहुपदी असेल तर चंगळ

युक्तीचा खरा फायदा दिसतो, तो छेद ‘१ + क्ष चा वर्ग’ असा छोटासा असेल तेव्हा. त्याचा पहिला अवकलज २क्ष, दुसरा २, तिसऱ्यापासून पुढे सगळे शून्य. म्हणजे लांबलचक समीकरणातली बहुतेक पदं आपोआप गळतात आणि प्रत्येक नवा अवकलज मागच्या फक्त दोघांवर उभा राहतो. अंश १ असेल, तर शून्यापाशी नियम असा होतो: न-वा अवकलज काढायला मागे दोन पायऱ्या असलेल्या अवकलजाला न × (न − १) ने गुणा आणि चिन्ह उलटवा. सुरुवात १ पासून: −२, २४, −७२०. शंभरावा किती? १ ते १०० चा गुणाकार, चिन्ह अधिक. १५८ अंकी संख्या, आणि ती मिळवायला कागदाची गरज नाही.

हाच छेद डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येही भेटतो. गाडीच्या बॉनेटचा किंवा विमानाच्या पंखाचा आकार संगणकात साठवायला बहुपदी सोयीच्या पडतात, पण नुसत्या बहुपदींनी वर्तुळाचा तुकडा तंतोतंत काढता येत नाही. जवळपास जाता येतं, एवढंच. बहुपदी भागिले बहुपदी घेतली की जमतं. बिंदूचं एका अक्षावरचं अंतर (१ − क्ष चा वर्ग) भागिले (१ + क्ष चा वर्ग), दुसऱ्या अक्षावरचं २क्ष भागिले तोच छेद: दोघांच्या वर्गांची बेरीज कायम १, म्हणजे बिंदू वर्तुळावरून हलतच नाही. आता दोन तुकडे जोडताना सांधा डोळ्याला खुपू नये, तर तिथे वक्रता जुळावी लागते, आणि वक्रतेला दुसरा अवकलज लागतो. जुळली नाही, तर चकचकीत पत्र्यावरचं प्रतिबिंब तिथेच मोडलेलं दिसतं. असे अवकलज काढायला ही सॉफ्टवेअरं छेद पलीकडे नेण्याचीच रीत वापरतात.

## महागाईकडे परत

किंमत ‘क’, तिचा बदल क१, आणि महागाईचा दर म = क१ ÷ क. छेद पलीकडे: क१ = म × क. अवकलन करून सोडवलं, की म१ = (क२ ÷ क) − (म × म). म्हणजे किमतींची वाढ वेग घेत असली, क२ चांगला धन असला, तरी क२ ÷ क हा म × म या अडथळ्याएवढा मोठा नसेल, तर महागाईचा दर उतरतो. आकड्यात बघा: किमतींचा निर्देशांक १०० वरून ११० झाला, वाढ १०, दर १० टक्के. पुढच्या वर्षी वाढ १०.५, म्हणजे आधीपेक्षा जास्त. पण आता छेद ११० आहे, म्हणून दर साधारण ९.५ टक्के. ‘महागाई घटली’ ही बातमी खरी, आणि खिशातून गेल्या वर्षीपेक्षा जास्त गेले हेही खरं. आणि इथे अवकलन एकदाच केलंय. निक्सन यांच्या वाक्यासाठी आणखी एकदा करावं लागेल.

## ‘पण मागचे सगळे आधी काढावे लागतात ना?’

हो, लागतात. दहावा हवा असेल तर आधीचे नऊ काढल्याशिवाय सुटका नाही. ही या पद्धतीची अडचण म्हणून सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही, कारण एकरकमी उत्तर देणारं सूत्र आहे, आणि ते बघितल्यावर कुणीही हप्त्यांवर खूश होईल.

ते दोन तऱ्हांनी लिहितात. एक निर्धारकाच्या (डिटर्मिनंटच्या) रूपात: सगळे अवकलज एका चौकोनात मांडायचे. दिसायला देखणं, पण निर्धारक सोडवायला बसलात की पुन्हा तीच आकडेमोड. दुसरी तऱ्हा फलनाच्या (फंक्शनच्या) पोटातल्या फलनाचं वारंवार अवकलन करणाऱ्या सूत्राची. ते फा दी ब्रुनोच्या नावाने ओळखलं जातं, १८५५ चं. अर्बोगास्ट या गणितज्ञाने १८०० मध्येच ते मांडलं होतं, पण नाव दुसऱ्याचं लागलं. या वाटेने भागाकाराचा दहावा अवकलज उलगडला, तर त्यात १३९ पदं येतात. आपल्या हप्त्यांच्या पद्धतीत पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सगळे मिळून ५५ पदं वजा करायची, आणि दहाच्या दहा अवकलज हातात.

हप्ते नको असतील, तर एक चोरवाट कधीकधी सापडते. छेदाचे सोपे अवयव पडत असतील, तर अपूर्णांकाचे आंशिक तुकडे (पार्शल फ्रॅक्शन्स) करा. प्रत्येक तुकड्याचा न-वा अवकलज एका ओळीत लिहिता येतो. अंश-छेद बहुपदी हवेत आणि अवयव पडायला हवेत, एवढीच अट.

## ‘संगणक करेलच की’

करेल, पण त्याला कसं सांगताय त्यावर आहे. सूत्ररूपात उत्तर मागितलं आणि आंधळेपणाने भागाकाराचाच नियम लावायला लावला, तर तोही आपल्यासारखाच फुगत जातो, फक्त न कंटाळता. जवळजवळच्या दोन बिंदूंवरच्या किमती वजा करून अवकलज अंदाजायचा म्हटलं, तर जवळपास समान संख्यांच्या वजाबाकीत कामाचे अंक उडून जातात, आणि क्रम वाढेल तशी ही गळती वाढते. आपली हप्त्यांची रीत यंत्राला मानवते: हातात फक्त संख्या, प्रत्येक पायरीत मागच्या संख्या वापरायच्या.

## ‘आणि छेद शून्य झाला तर?’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार. साइन क्ष भागिले क्ष घ्या. शून्यापाशी अंशही शून्य, छेदही शून्य. शेवटी छ ने भागायचं असतं, आणि तो तर शून्य.

तरी समीकरण अ = भ × छ मोडत नाही. ते शून्यापाशीही खरं आहे. फक्त भ तिथे गुळगुळीत हवा, आणि इथे तो आहे. छ = क्ष, म्हणून छ१ = १ आणि बाकी सगळे शून्य. तीनदा अवकलन केलं, की शून्यापाशी एकच पद उरतं: अ३ = ३ × भ२. साइनचा तिसरा अवकलज −१, म्हणून भ२ = −१/३. एक अवकलन जास्त करायचं, एवढाच दंड.

असंच एक नामांकित गिऱ्हाईक म्हणजे क्ष भागिले (ई चा क्ष घात − १), इथे ई म्हणजे २.७१८… ही संख्या. शून्यापाशी याचे अवकलज काढले, की १, −१/२, १/६, ०, −१/३० असे आकडे पडतात. या बर्नुली संख्या. प्रत्येक संख्या आधीच्या संख्यांवरून काढायची, पद्धत हीच. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या इंग्रज गणितज्ञ बाईंनी चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रासाठी याच भागाकारापासून सुरुवात करून बर्नुली संख्या काढण्याचा तक्ता छापला. जगातला पहिला संगणकीय प्रोग्राम म्हणून तोच दाखवतात. ते यंत्र कधी पुरं झालं नाही, त्यामुळे तक्ता तेव्हा चालवून बघता आला नाही. त्याच्या चौथ्या पायरीत एक भागाकार आहे, आणि छापताना त्यातला अंश छेदाच्या जागी गेला आहे, छेद अंशाच्या.